सौदीच्या पाचपट तेल म्हणे! आधी माझ्या खिडकीतला दगड पेटवून दाखवा

आज सकाळी (इथली सकाळ, तुमची संध्याकाळ) चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच शाळेच्या ग्रुपवर तो व्हिडिओ येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेलच. मागे युद्धाला निघाल्यासारखं संगीत, लाल अक्षरं, आणि एक बाप्या ओरडून सांगतोय की अमेरिकेच्या डोंगरांत सौदीच्या पाचपट तेल आहे, ते मुद्दाम दाबून ठेवलंय, जगाचं संपलं की मग हे झाकण उघडणार. खाली आमच्या दहावी ‘ब’मधल्या विद्वानांचे अंगठे. एकाने लिहिलं, ‘याला म्हणतात दूरदृष्टी.’ दुसऱ्याने, ‘आपल्या सह्याद्रीतही असेल, आपले लोक खणतील तर ना!’

मी लिहिलं, अरे बाबांनो, ते तेल नाही, तो दगड आहे. तर उत्तर आलं, ‘तू तिकडे राहून फार निगेटिव्ह झालीयस.’

झालेय तर झालेय. आता वाचा. ऑफिसला आज सुट्टी आहे.

व्हिडिओत दाखवलेला तो डोंगर मी पाच वर्षं बघितलाय. डेन्व्हरला यायच्या आधी आम्ही कोलोराडोच्या पश्चिम टोकाला, ग्रँड जंक्शनला राहायचो. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत होते. नदीच्या पाण्यात क्षार किती, हे मोजणं माझं काम. नमुने घ्यायला रायफल, पॅराशूट अशा गावांकडे जावं लागायचं, आणि हायवेच्या डोक्यावर ते रोन क्लिफ्सचे कडे उभे असायचे, पांढुरके, थरावर थर, जुन्या वहीच्या गठ्ठ्यासारखे. त्या थरांत केरोजेन आहे. पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठमोठे तलाव होते, त्यातलं शेवाळं मरून तळाला बसलं, गाळात दाबलं गेलं. आणखी खोल गेलं असतं, आणखी भाजलं असतं, तर त्याचं तेल झालं असतं. नाही झालं. अर्धकच्चं राहिलं. दूध विरजलं, पण दही लागलंच नाही, तशातली गत.

आकडा खोटा नाही, हे कबूल करते. तिथल्या एकट्या पिसियान्स खोऱ्यात दीड लाख कोटी बॅरलच्या आसपास, असं अमेरिकेच्या भूगर्भ खात्यानेच म्हटलंय. पण त्याच खात्याने हेही म्हटलंय की हा दगडात किती आहे त्याचा आकडा आहे, बाहेर किती काढता येईल त्याचा नाही. ही दुसरी ओळ व्हिडिओत कशी नसते हो कधी?

असो. मला दगडाबद्दल सांगायचंय.

२०१२च्या उन्हाळ्यात नाना आले होते आमच्याकडे. आई गेल्यानंतरची त्यांची पहिली आणि शेवटची वारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या नानांचं कऱ्हाडला रेशनचं दुकान होतं. छत्तीस वर्षं त्यांनी गहू, साखर आणि रॉकेल मोजलं. पिंपाला लावलेला हातपंप, पत्र्याचं नरसाळं, लिटरचं माप, आणि कार्डावर सही. सणासुदीला सुद्धा त्यांच्या सदऱ्याला रॉकेलचा वास यायचा आणि आईची त्यावरून रोज कुरकुर असायची. ते निळं रॉकेल कोण डिझेलमध्ये भेसळ करायला नेतंय आणि कोणाच्या घरी खरंच स्टोव्ह आहे, हे नाना नुसत्या कॅनकडे बघून ओळखायचे.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे वडील बॅटलमेंट मेसाला राहायचे. पॅराशूटच्या नदीपलीकडचं टेकाडावरचं गाव. एका रविवारी त्यांच्याकडे गेलो. आजोबा ऐंशीच्या घरातले, पूर्वी एका ठेकेदाराकडे ट्रक चालवणारे. इकडे नानांना ‘थँक्यू’पलीकडे इंग्रजी येत नाही, तिकडे आजोबांना मराठी म्हणजे काय ते माहीत नाही. पण दोघंही तासभर गॅरेजमध्ये काय काय बघत बसले. निघताना आजोबांनी फळीवरून एक दगड काढून नानांच्या हातात ठेवला. करडा-तपकिरी, विटेच्या अर्ध्याएवढा, कडेने पानापानांसारखे थर. आजोबांनी किल्लीने त्यावर एक ओरखडा काढला आणि नाकाशी धरायची खूण केली.

नानांनी वास घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, “आगं बाई, रॉकेल की हे!”

त्यांना इतकं खूश मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा बघितलं.

घरी येईपर्यंत गाडीत त्यांचं चालू होतं. रॉकेल हा शब्दच मुळी ‘रॉक ऑइल’वरून आलाय, हे मी सांगितल्यावर तर विचारूच नका. “म्हंजे छत्तीस वर्षं मी दगडाचंच तेल इकलं म्हण की.” खरं तर फार चूकही नव्हतं. स्कॉटलंडमध्ये जेम्स यंग नावाच्या माणसाने १८५०च्या सुमाराला कोळशातून आणि मग शेलमधून, म्हणजे अशाच थराथराच्या दगडातून, दिव्याचं तेल काढायचा धंदा सुरू केला, तो तिथे १९६२पर्यंत चालला. त्याची जळकी लाल टेकाडं अजून उभी आहेत तिथे.

आता नानांना तो दगड पेटवून बघायचा होता. बाहेर अंगणात पेटवायची सोय नाही, कारण ते दुष्काळाचं वर्ष, आजूबाजूच्या रानात वणवे लागलेले, अंगणात शेगडीलाही बंदी. मी म्हटलं, “नाना, राहू द्या, उगीच कशाला?” तर मी आंघोळीला गेल्याची संधी साधून या माणसाने सांडशीत दगड धरला आणि स्वयंपाकघरातल्या गॅसवर धरून उभा राहिला.

धुराचा अलार्म घर डोक्यावर घेऊन ओरडायला लागला तेव्हा मी ओल्या केसांनी धावत आले. नाना खिडकी उघडायच्या खटपटीत, डाव्या हातात सांडशी तशीच. दगडाच्या कोपऱ्याला एक पिवळी, काजळी ओकणारी ज्योत लागली होती. गॅस बंद केला तशी ती दोन मिनिटं फुरफुरली आणि विझली. सिंकमध्ये टाकल्यावर चर्र वाजला. आणि दगड? जेवढ्यास तेवढा. एक कोपरा काळा, बस्स.

नाना खुर्चीवर बसले. जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “ह्याला पेटवायला जेवढा ग्यास गेला ना, तेवढ्यात आपला तिघांचा चहा झाला आस्ता.”

मंडळी, तेलवाल्यांनी शंभर वर्षं आणि अब्जावधी डॉलर घालून जे शोधून काढलं ते एवढंच आहे. तिघांचा चहा.

कारण हा दगड नुसता पिळून तेल निघत नाही. आधी खणायचा, फोडायचा, मग मोठ्या भट्टीत पाचशे अंशांपर्यंत तापवायचा, तेव्हा कुठे केरोजेन सुटून वाफ होते आणि त्या वाफेचं तेल. चांगल्या प्रतीचा दगड असला तर टनाला शंभर लिटरच्या आत-बाहेर. त्या रात्री जेवणानंतर नानांनी रेशनच्या हिशेबात हे मांडलं होतं: पन्नास किलोची वीस पोती दगड आणला, भट्टीत घातला, तर वीस लिटरचे पाच डबे तेल. “आन् उरल्याली राख?” मी सांगितलं की वजनाला सोळा-सतरा पोती राहते, पण फुटून, भाजून, फुगलेली असते, म्हणून जागा वीस पोत्यांपेक्षा जास्त खाते. ज्या खड्ड्यातून काढला त्या खड्ड्यात परत मावत नाही. नाना म्हणाले, “मग धंदा तेलाचा का राखंचा?”

यावर पुढचा हिशेब माझा. रोज एक लाख बॅरल काढायचं म्हटलं तर दीड लाख टनांहून जास्त दगड रोज फोडावा लागेल. दहा टनी ट्रकची रांग लावली तर सोळा हजार ट्रक, दररोज, रविवार धरून. आणि अमेरिका दिवसाला दोन कोटी बॅरल पिते. म्हणजे एवढा सगळा उपद्व्याप करून या देशाची किती वेळाची तहान भागली? सात मिनिटांची. सात!

आता ग्रुपवरचे इंजिनीअर म्हणतील, खणायचंच कशाला, जमिनीतच तापवा. केलंय की तेही. ‘शेल’ याच नावाच्या तेल कंपनीने त्याच खोऱ्यात वर्षानुवर्षं प्रयोग केले. जमिनीत भोकं पाडून विजेच्या सळया सोडायच्या आणि दगड जागच्या जागी साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवत ठेवायचा, तीन-चार वर्षं. मग मधलं तेल आसपासच्या भूजलात जाऊ नये म्हणून भोवताली नळ्या टाकून जमीन गोठवायची. बर्फाची भिंतच. हे मी नानांना समजावलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, “मधी चूल आन् भवतीनं फ्रीज?” हो नाना. “आन् बिल कोन भरतं?”

तेल निघालं, नाही असं नाही. तीस फूट बाय चाळीस फुटांच्या तुकड्यातून १७०० बॅरल निघालं आणि चांगल्या दर्जाचं निघालं. मानलं. पण रोज लाखभर बॅरल अशा पद्धतीने काढायचं तर १२०० मेगावॉटचं वीजकेंद्र त्याच एका कामाला जुंपावं लागेल, असा हिशेब झाला होता. आपलं अख्खं कोयना १९६० मेगावॉटचं आहे. अर्ध्याहून जास्त कोयना दगड शेकायला लावायचं, म्हणजे मग अमेरिकेची सात मिनिटं निघणार. शेवरॉन ही दुसरी तेल कंपनी त्या खोऱ्यातून २०१२मध्ये बाहेर पडली, शेल कंपनी २०१३मध्ये. झाकण दाबून ठेवलंय म्हणे! अरे, झाकण उघडून, आत हात घालून, भाजून घेऊन परत गेलेत लोक.

आणि ही काही पहिली खेप नव्हे. तिथल्या लोकांची जुनी थट्टाच आहे की ऑइल शेल (म्हणजे हाच दगड) हे उद्याचं इंधन आहे आणि कायम उद्याचंच राहणार. १९८०मध्ये एक्सॉन या तेल कंपनीने तिथला ‘कॉलनी’ नावाचा दगडातून तेल काढायचा प्रकल्प हातात घेतला तेव्हा स्वप्न होतं २०१०पर्यंत दिवसाला ८० लाख बॅरलचं. पाणी कमी पडेल म्हणून मिसुरी नदीचं पाणी इकडे वळवायच्या गप्पा होत्या. कामगारांसाठी बॅटलमेंट मेसा नावाचं नवं गावच बांधायला घेतलं. मग तेलाचे भाव घसरले. २ मे १९८२, रविवार. प्रकल्प बंद. दोन हजारांवर माणसं एका दिवसात बेकार. त्या भागात आजही त्याला ‘ब्लॅक संडे’ म्हणतात. पुढे कामगारांसाठी बांधलेलं ते गाव निवृत्तांना विकलं. आज तिथे म्हातारीकोतारी गोल्फ खेळतात.

आमचे दगडवाले आजोबा त्या गर्दीत १९८१ला आले होते. रविवारी रात्री कोणीतरी फोन करून सांगितलं, त्यांना चेष्टा वाटली. सोमवारी सकाळी डबा घेऊन निघाले आणि डबा तसाच घेऊन परत आले. शेजारच्या घरांतली माणसं आठवड्याभरात सामान ट्रकात भरून निघून गेली, काहींनी तर घराच्या किल्ल्या बँकेच्या टपालपेटीत टाकल्या. हे मी नानांना मराठीत सांगत होते आणि आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. नानांनी काय केलं, उठून आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. १९८२ म्हणजे मुंबईत गिरणी संप चालू होता. नानांचे धाकटे भाऊ, आमचे बापूकाका, त्याच वर्षी परळहून ट्रंक घेऊन कऱ्हाडला परत आले ते कायमचे. आजोबांना हे कळायला मार्ग नव्हता. पण त्यांनी दगड मला नाही, माझ्या नवऱ्याला नाही, नानांना दिला.

हे लिहिताना जरा थांबले मघाशी. नाना गेले त्याला सहा वर्षं झाली.

हां, आता पाण्याचं. यावर मात्र माझं डोकं फिरतं, कारण हे माझ्या पोटापाण्याचं काम होतं. एका बॅरल तेलाला एक ते तीन बॅरल पाणी लागेल, असा अंदाज. आणि हे पाणी कुठून? कोलोराडो नदीतून. जिचं पाणी सात राज्यांनी १९२२मध्ये वाटून घेतलं ते नदीत जेवढं नव्हतं तेवढं. जी आज समुद्रापर्यंत पोचतसुद्धा नाही, मेक्सिकोत वाळूत संपते. २०२१ला पहिल्यांदा सरकारला अधिकृतपणे तुटवडा जाहीर करावा लागला. ग्रँड जंक्शनशेजारी पॅलिसेडला पीचच्या बागा आहेत, ऑगस्टमध्ये एकेक फळ असं रसाळ की मनगटापर्यंत ओघळतं. त्या बागा याच नदीवर. आणि त्या जळक्या राखेच्या डोंगरांवर पाऊस पडला की क्षार झिरपणार ते याच नदीत. मी तिथे बसून एका लिटरमधले मिलिग्रॅम मोजत होते, आणि इथे कोणीतरी सोफ्यावर पडून ‘दूरदृष्टी’ लिहितोय. दूरदृष्टी!! तुझ्या सोसायटीचा टँकर एक दिवस चुकला तर ग्रुपवर रडत असतोस तू. (नाव घेत नाही. कळलंय त्याला.)

आता ज्याला खरोखर वाद घालायचाय तो म्हणेल की मग अमेरिका शेलच्याच जोरावर तेलात एक नंबर कशी झाली? बरोबर आहे. झाली. पण ते शेल वेगळं आणि हे वेगळं. टेक्सास, नॉर्थ डाकोटामध्ये खोल खडकात तयार तेल अडकलेलं आहे. तिथे दोन-तीन किलोमीटर खाली जाऊन आडवं भोक पाडतात आणि पाणी, वाळू, रसायनं प्रचंड दाबाने घालून खडकाला तडे पाडतात. ते फ्रॅकिंग. नावात दोन्हीकडे शेल आणि ऑइल, म्हणून सगळा घोळ. व्हिडिओवाल्याने दगड कोलोराडोचा दाखवलाय आणि यंत्रं टेक्सासची. गव्हाचं शेत दाखवून भाताचा भाव सांगावा तसं.

बरं, फ्रॅकिंग काय फार सोवळं आहे असंही नाही. एका विहिरीला काही कोटी लिटर पाणी लागतं, आणि पहिल्या वर्षातच उत्पन्न निम्म्याखाली येतं, की खणा पुढची. वाळू पाण्यात तरंगत राहावी म्हणून त्यात घालतात काय, तर गवारीच्या बियांचा डिंक. होय, आपली गवार! नाना आले त्याच वर्षी राजस्थानात ग्वारचे भाव असे भडकले की वायदेबाजार थांबवावा लागला. “दाण्याचं कूट घालून करायची ती गवार?” हो नाना, तीच, जमीन फोडायला. त्यावर ते बराच वेळ हसत होते.

तेलाबरोबर वर येणारं खारं, घाण पाणी परत खोल जमिनीत ढकलतात, त्याने भूकंप होतात. ओक्लाहोमात २०१६ला ५.८चा झाला. आम्हा डेन्व्हरवाल्यांना हे नवीन नाही. इथे १९६२पासून लष्कराच्या रसायन कारखान्याचं सांडपाणी खोल विहिरीत सोडत होते, जमीन हलायला लागली म्हणून १९६६ला थांबवलं, तरी सगळ्यात मोठा धक्का १९६७च्या ऑगस्टमध्ये बसलाच. १९६७! त्याच डिसेंबरात आपला कोयनेचा भूकंप, धरणाच्या पाण्याने झाला म्हणतात तो. नानांना हे सांगितल्यावर त्यांना पुरावा-बिरावा काही नको होता. ती पहाट ते विसरले नव्हते. “पान्यानं जमीन हलती, हे कऱ्हाडकराला नको सांगू.”

एस्टोनियाचं नाव कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगते. हो, त्या एवढ्याशा देशाने शंभर वर्षं हाच दगड जाळून वीज केली. रशियाच्या उंबऱ्यावर राहायचं आणि दिवे मात्र आपल्या जोरावर लावायचे, ही गोष्ट छोटी नाही, समजते मला. पण त्यांच्या ईशान्येकडच्या राखेच्या टेकड्यांचे फोटोही बघा.

आणि हो, मीसुद्धा गाडीच चालवते. पेट्रोलच भरते. परवा बर्फात बसून सोळा मैल सायकल मारत ऑफिसला गेले नाही. झालं समाधान? पण म्हणून दगडाला तेल म्हणू?

राहता राहिला सह्याद्री. अरे माझ्या सोन्या, कऱ्हाडखाली बसाल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात केरोजेन कुठून येणार? आणि ‘आपले लोक खणत नाहीत’ हेही खोटं. २०१३मध्ये सरकारने शेलचं (ते फ्रॅकिंगवालं) धोरण आणलं, ओएनजीसीने खंबायतपासून कृष्णा-गोदावरीपर्यंत विहिरी घेऊन बघितल्या. धंदा करावा असं काही लागलं नाही.

हे एवढं टाइप करेपर्यंत ग्रुपवर तीन गुड मॉर्निंग आणि एक वाढदिवस होऊन गेला. व्हिडिओ टाकणाऱ्याने आत्ता खासगीत मेसेज केलाय, ‘रागावू नकोस गं, फॉरवर्ड होता. नानांच्या दुकानातून आमच्या घरी पण रॉकेल यायचं. तो दगड अजून आहे का तुझ्याकडे?’

आहे. खिडकीतच आहे, तुळशीच्या कुंडीशेजारी. फोटो खाली टाकतेय. डावीकडचा काळा कोपरा नानांनी जाळलेला, आणि मधला ओरखडा आजोबांच्या किल्लीचा. आता जवळ नाक नेलं तरी वास येत नाही, नखाने खरवडावं लागतं.